रायफल एक एमओए मारते, तुम्ही किती मारता?

ऑक्टोबर लागला की आमच्या इकडच्या शिकारीच्या ग्रुपवर एक ठरलेला दावा फिरायला लागतो, कधी रीलमधून, कधी लांबलचक फॉरवर्डमधून. त्याचा गाभा असा: आजकालची साधी फॅक्टरी रायफलसुद्धा एक एमओए मारते (म्हणजे १०० यार्डांवर तिच्या गोळ्या साधारण एका इंचाच्या आत पडतात), स्कोपला नेम वर-खाली करायचा डायल असतो, लेझर रेंजफाइंडर स्वस्त झालेत, फोनात गोळीच्या वाटेचा हिशोब करणारं बॅलिस्टिक ॲप आहे, म्हणून ५०० यार्डांवरचं हरीण आता नवशिक्यालाही जमतं, आणि "दोनशेच्या आत थांबा" म्हणणारे लोक आजोबांच्या बंदुकीच्या हिशोबाने बोलतायत. त्याखाली अंगठे, आगीचे इमोजी, आणि कोणीतरी विचारतंच की कुठली रायफल घेऊ.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो म्हणजे खाली भांडण नको. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरीण मारणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच राहावा असं माझंही मत आहे. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या, पेनसिल्व्हेनियातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, जिथले लांडगे नि कूगर (इथलं मोठं रानमांजर) केव्हाच संपले, हरणं गाड्यांखाली येतात, जंगलातली कोवळी रोपं उगवू देत नाहीत, आणि राज्य स्वतः लायसन्स देऊन संख्या आटोक्यात ठेवतं. शिकारी लोक बंदुका-काडतुसं घेतात त्यावर १९३७ पासून केंद्राचा टॅक्स आहे, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. असो. आणि न्यू जर्सीवाल्यांनी हा दावा फॉरवर्ड करणं तर विनोदच, तुमच्याकडे हरणाला रायफल चालतच नाही राव, शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) नाहीतर धनुष्य.

आता एकेक मुद्दा घेतो.

"एक एमओए म्हणजे ५०० यार्डांना पाच इंच, हरणाचं काळीज-फुप्फुस आठ-दहा इंचाचं, म्हणजे गोळी आत बसणारच."

गणित बरोबर आहे. एक एमओए म्हणजे १०० यार्डांना साधारण १.०५ इंच, ५०० ला सव्वापाचच्या आसपास. लोचा असा की हा आकडा रायफलचा आहे, तुमचा नाही. तो मिळाला कसा? सिमेंटच्या बाकावर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, खुर्चीत बसून, घाई नाही, हृदय शांत, आणि बहुतेक वेळा तीनच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका. त्याच रायफलने दहा गोळ्या मारा, ग्रुप साधारण दीडपट होतो, रायफल बिघडली म्हणून नाही, तीन गोळ्यांत तिचा खरा पसारा दिसतच नाही म्हणून. आणि ग्रुप छोटा असणं वेगळं, तो बरोबर मधोमध असणं वेगळं. झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जुळवून ठेवलेली जागा, १०० यार्डांना अर्धा इंच डावीकडे असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही, ५०० ला तो अडीच इंच डावीकडे झाला, म्हणजे घोडा ओढायच्या आधीच तुमची निम्म्याहून जास्त सूट संपली. कारण जागा आठ इंचाची असली तरी नेम मध्यावर धरल्यावर चुकायला मिळतात प्रत्येक बाजूला चारच इंच, हे त्या फॉरवर्डमधे कुठेच नसतं.

आणि मग रान. आमच्याकडे रायफल सीझन सुरू होतो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी (२०१८ पर्यंत सोमवार असायचा, जुनी मंडळी अजून त्यावरून कुरकुरतात), म्हणजे थंडी चांगलीच. अंगावर जाड जॅकेट, त्यावर केशरी व्हेस्ट, त्यामुळे दस्ता खांद्यावर नेहमीच्या जागी बसतच नाही, डोळा स्कोपपासून पुढेमागे होतो, ग्लोव्हजमधून ट्रिगर कळत नाही आणि ग्लोव्ह काढला तर बोट कळत नाही. खाली ओली पानं, उतार, पालथं झोपलात तर समोर झुडूप, म्हणजे बसून किंवा गुडघ्यावर किंवा झाडाला टेकून मारायचं. त्यात हरीण समोर आलं की छातीत जे काही धडधडतं ते वेगळंच, इथे त्याला बक फीवर म्हणतात आणि वर्षानुवर्षं शिकार करणाऱ्यांनाही होतो. बाकावर एका इंचात तीन गोळ्या घालणारे कितीतरी लोक उभ्याने शंभर यार्डांवर जेवायची कागदी प्लेट सुद्धा सलग चुकवतात, कुठल्याही रेंजवर सीझनच्या आधीच्या शनिवारी जाऊन बघा. किंवा खरं तर दिसणार नाही, कारण त्या दिवशी सगळे बाकालाच चिकटलेले असतात!

"डायल आणि ॲपमुळे लांबचा हिशोब सुटला."

अर्धा सुटला. गोळी किती खाली पडणार हा भाग सुटला, हे मान्यच. ६.५ क्रीडमूर घ्या, २००७ मधे आलेलं आणि या दाव्यात हटकून येणारं काडतूस, १४३ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), २०० यार्डांना झीरो, तर ती ४०० ला साधारण दोन फूट खाली आणि ५०० ला जवळपास चार फूट खाली जाते. ॲप हे बरोबर सांगतं, डायल बरोबर फिरतो. पण वारा कोण सांगणार? ॲपमधे वाऱ्याच्या रकान्यात आकडा तुम्हीच टाकता, आणि तो अंदाज असतो. वारा मोजायचं मीटर असलं तरी ते तुमच्या हातातला वारा मोजतं, मधल्या दरीतला नाही, पलीकडच्या उतारावरचा तर नाहीच.

समजा वारा बरोब्बर आडवा आहे आणि तुमचा अंदाज फक्त ताशी पाच मैलांनी चुकला, म्हणजे तुम्ही पाच धरला आणि होता दहा, जे कोणाचंही होऊ शकतं. हीच गोळी २०० यार्डांवर त्या चुकीने एक इंचच सरकते, काही बिघडत नाही. ३०० वर अडीच इंच. ४०० वर साडेचार, म्हणजे ते चार इंच गेले. ५०० वर साडेसात इंच. हे सगळं रायफल परफेक्ट, झीरो परफेक्ट, हात दगडासारखा स्थिर धरून. साडेसात इंच मागे म्हणजे फुप्फुस नाही, पोट. दोनशेच्या आत थांबा म्हणणारा म्हातारा ॲप वापरत नसेल पण त्याच्या सल्ल्यात हे गणित आपसूक बसलेलं आहे, कारण त्या अंतरापर्यंत वाऱ्याची चूक गोळीला नीटशी बाहेर ढकलतच नाही.

काही जण म्हणतील आम्ही वायोमिंगला जातो, तिथे मोकळं माळरान, तिथे तीनशे-चारशे लागतातच. लागतात, अगदी कबूल. पण तिथला वारा तुम्ही अनुभवलाय ना? जिथे लांब मारायची गरज पडते तिथेच वारा जास्त, हा त्या भागाचा स्वभाव आहे, आणि पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत सराव करून गेलेल्या माणसाला तो वाचताच येत नाही.

आणखी एक गोष्ट ॲपमधे नसते ती म्हणजे हरणाच्या मनात काय आहे. ४०० यार्डांना गोळीला अर्धा सेकंद लागतो, ५०० ला साधारण पाऊण सेकंदाच्या जरा आत. शांत चरत चालणारं हरीण ताशी तीन मैलांनी जात असेल तर अर्ध्या सेकंदात दोन फूट पुढे जातं. तुम्ही म्हणाल उभं असतानाच मारायचं. बरोबर, पण चरणारं हरीण उभं असतं ते पुढचं पाऊल टाकेपर्यंत, आणि ते पाऊल तुम्हाला विचारून टाकत नाही. घोडा ओढायचा निर्णय, बोट दाबलं जाणं, गोळीचा प्रवास, सगळं मिळून खूप वेळ होतो. शंभर यार्डांवर हा प्रश्न जवळपास उरत नाही.

"५०० यार्डांवरही भरपूर एनर्जी असते."

हा मुद्दा खरा आहे आणि मी भांडणार नाही. वरच्याच गोळीत ५०० ला तेराशे फूट-पाउंडच्या (हे एनर्जीचं माप) आसपास असतात आणि हरणासाठी हजारचा जो रूढ आकडा आहे त्याच्या वर ती आहे. फक्त एवढं बघा की गोळी आत गेल्यावर फुलायला, म्हणजे पसरायला, ठराविक वेग लागतो, बऱ्याच शिकारी गोळ्यांना सेकंदाला १८०० फूट वगैरे, निव्वळ तांब्याच्या काही गोळ्यांना त्याहून जास्त, त्यामुळे दुसऱ्याची गोळी आणि दुसऱ्याच्या नळीची लांबी बघून आपला आकडा ठरवू नका. पण एनर्जी कमी पडते म्हणून लांबची हरणं जखमी होत नाहीत, गोळी भलतीकडे लागते म्हणून होतात, आणि पोटात घुसलेली दोन हजार फूट-पाउंडसुद्धा पोटातच घुसलेली असते.

"सैन्यातले स्नायपर हजार मीटरवर मारतातच की."

मारतात. शेजारी स्पॉटर असतो, तो वारा वाचतो, गोळी कुठे पडली ते सांगतो, आणि हे त्यांचं रोजचं काम आहे. शिवाय त्यांचा उद्देश वेगळा, समोरचा जखमी झाला तरी त्यांचं काम झालेलं असतं. आपलं उलट आहे. पुढे.

"लांबून मारणं जास्त दयेचं, हरीण बेसावध असतं, शांत उभं असतं."

ऐकायला छान. बेसावध हरीण चांगलं हे खरंच, पळणाऱ्या हरणावर कोणी मारू नये. पण बेसावध हरीण साठ यार्डांवरही मिळतं, त्यासाठी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसावं लागतं, पायवाटा शोधाव्या लागतात, तासन्‌तास न हलता थंडीत दबा धरावा लागतो. म्हणजे ज्याला शिकार म्हणतात ते करावं लागतं. लांबून मारण्याचं खरं कारण बऱ्याचदा हेच असतं की जवळ जायचा कंटाळा आहे, किंवा व्हिडिओ चांगला येतो. बून अँड क्रॉकेट क्लब, जो थिओडोर रूझवेल्टने १८८७ मधे काढला आणि इथल्या शिकारीच्या नीतिनियमांवर ज्याचं वजन आहे, त्यांचीही भूमिका साधारण अशीच आहे की प्रश्न अमुक यार्डांचा नसून हेतूचा आहे, म्हणजे जनावर मिळवायचंय की आपली रायफल किती लांब पोचते ते जनावरावर तपासायचंय. तपासायचं असेल तर लोखंडी प्लेट आहे, ती चुकली तर काही होत नाही.

"चुकली तर चुकली, दुसरी गोळी आहे."

सगळ्यात जास्त राग मला याचा येतो. एकतर पहिल्या गोळीच्या धक्क्यात स्कोपमधलं चित्र उडतं, झूम वाढवलेला असतो, परत हरीण सापडेपर्यंत ते झाडीत गेलेलं असतं. चुकली की लागली हेच कळत नाही. फुप्फुसात बरोबर बसलेली गोळी खाऊनही हरीण शंभर-दीडशे यार्ड पळू शकतं, त्यामुळे "पळालं म्हणजे चुकली" हा निष्कर्ष काढून घरी जाणारे लोक मेलेलं हरीण मागे सोडून जातात. म्हणून ते जिथे उभं होतं तिथे जाऊन बघायलाच लागतं. साठ यार्डांवर असेल तर जागा डोळ्यासमोर असते. ५०० यार्डांवर, मधे ओढा, पलीकडचा चढ, तिथे पोचलात की सगळी झाडं सारखीच दिसतात आणि नेमकं कुठल्या ओकखाली उभं होतं हे आता तुम्हाला सांगता येत नाही, त्यात डिसेंबरात पाचच्या आधी सूर्य बुडतो.

सापडलंच रक्त तर ते वाचावं लागतं. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस, फार लांब गेलेलं नसणार. गडद, काळपट लाल म्हणजे बहुतेक यकृत, चार-सहा तास थांबायचं. हिरवट घाण मिसळलेलं, वास येणारं म्हणजे पोट किंवा आतडी, तिथे आठ-बारा तास तरी मागे लागायचं नाही, कारण लगेच मागे लागलात तर ते उठून आणखी मैलभर जातं आणि मग ते कायोटीचं (इथला कोल्ह्यासारखा प्राणी). तोवर ते जनावर जिवंत असतं, कुठेतरी पडून. इथे पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा बोलावता येतो, कायद्याने चालतं, आणि असे कुत्रे घेऊन येणारे लोक खूप चांगलं काम करतात, पण त्यांनाही कुठून सुरुवात करायची ते दाखवावं लागतंच. आणि हुकलेली गोळी हवेत विरत नाही, मैलोन्‌मैल जाऊ शकते. राहत्या घरापासून १५० यार्डांचं बंधन कायद्यात आहे पण पाचशे यार्ड पलीकडच्या झाडीमागे घर आहे की नाही हे स्कोपमधून कळत नाही.

मग लिमिट ठरवायची कशी? रायफलच्या डब्यावरून नाही. नऊ इंची कागदी प्लेट, शिकारीचंच जॅकेट, शिकारीचीच पोझिशन, बाक नाही, थोडं धावून येऊन दम लागलेला असताना, आणि गार नळीने, कारण रानात पहिली गोळी गारच असते. पाच गोळ्या मारा. पाचही आत तर प्लेट मागे न्या, एक जरी बाहेर गेली की थांबा, त्याच्या आधीचं अंतर तुमचं. बसून वेगळं येईल, उभ्याने वेगळं, काठ्यांच्या आधाराने वेगळं, सगळी लिहून ठेवा, आणि वारा असेल त्या दिवशी त्यातलंही कापा.

"तुझी किती?" असं विचारणारच कोणीतरी, तर आधीच सांगतो. बसून, काठ्यांवर, वारा पडलेला असताना दोनशे. उभ्याने, कशाला न टेकता, साठ-सत्तर, आणि मी बसतो त्या लॉरेलच्या झाडीत तेवढंही पुढचं दिसत नाही.