पाऊस किती पडला ते राहू द्या, कधी पडला ते सांगा

कोकणातल्या शेतीचा विषय निघाला की समोरचा हमखास म्हणतो, "तुमचं बरं आहे, तुम्हाला पावसाची ददात नाही." घाटावरचे पाहुणे म्हणतात, मुंबईतले चाकरमानी म्हणतात, आणि धोरणं ठरवणारेही हेच गृहीत धरून चालतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे खरंच आहे. पण जांभ्याच्या कातळावर पडलेलं पाणी बघता बघता वहाळाला लागतं, वहाळातून खाडीत जातं, आणि मार्च उजाडला की विहिरींचे तळ दिसायला लागतात. आमची शेती पावसाच्या आकड्यावर चालत नाही, तारखांवर चालते. त्या तारखा आता मोडल्या आहेत, आणि विमा, नुकसानभरपाई, पंचनामे सगळं अजून जुन्या तारखांना धरून बसलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट सांगायला जरा जागा लागेल.

हापूसचंच बघा. सप्टेंबरअखेर पाऊस आवरायला हवा, ऑक्टोबरचं ऊन कडक पडायला हवं, जमीन सुकून झाडाला ताण बसायला हवा, पालवी जून व्हायला हवी. मग नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गारठल्या की मोहर फुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस रेंगाळला तर झाड मोहराऐवजी पुन्हा पालवी काढतं. मोहर आला आणि आभाळ भरून राहिलं की तुडतुडा ही कीड आणि भुरी हा रोग ठरलेला, म्हणजे फवारणीवर फवारणी. त्यातून कणी धरली, फळ सुपारीएवढं झालं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत थंडीने पुन्हा उचल खाल्ली की त्याच फांदीवर नवा मोहर येतो. झाड सगळं बळ त्याला देतं आणि आधीची फळं सोडून देतं. याला पुनर्मोहर म्हणतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, काय बहरली आहे बाग! बागायतदार मात्र खाली बघत असतो. पातेऱ्यात, म्हणजे खाली पडलेल्या वाळक्या पाल्यात, पिवळ्या पडलेल्या बारक्या कैऱ्या, देठाशी हात लावला तरी सुटणाऱ्या. वर्षभराच्या खतांचे, फवारण्यांचे आणि राखणीचे पैसे त्या पातेऱ्यात पडलेले असतात.

आणि हे सगळं निभावलं तरी ऊन आहेच. फेब्रुवारी 2023 मध्ये हवामान खात्याने कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. फेब्रुवारीत! ज्या महिन्यात आमच्या लहानपणी सकाळी शेकोटी असायची. अशा उन्हात फळ एका बाजूने भाजतं, गळ वाढते, आणि जे टिकतं त्यातही साका निघण्याची धास्ती असते. गिऱ्हाईक आंबा कापतं, आत पांढुरका गर दिसतो आणि शिव्या बागायतदाराला.

आता विम्याकडे येते. हवामान आधारित फळपीक विमा ही कल्पना म्हणून चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. बागेत कोणी येऊन झाडं मोजायची गरज नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने पाऊस, तापमान, वारा नोंदवायचा, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की भरपाई मिळायची. पण कोकणात एकाच मंडळात खाडीकाठचं गाव असतं, सड्यावरची वाडी असते आणि डोंगराच्या कुशीतली बागही असते. तिन्हीकडचा गारठा वेगळा, वारा वेगळा, पाऊस तर हमखास वेगळा. केंद्र जिथे उभं आहे तिथे कोरडं राहिलं की पलीकडच्या वाडीत कितीही पाऊस झाला तरी कागदावर तो पडलेलाच नसतो.

त्याहून मोठा घोळ तारखेचा. आंब्याचं विमा संरक्षण 15 मेला संपतं. पूर्वी ते ठीक होतं. आता मोहर टप्प्याटप्प्याने आणि उशिरा येतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्याचं फळ मेच्या उत्तरार्धात झाडावर असतं. 2025 मध्ये मेच्या शेवटच्या पंधरवड्यात पावसाने किनारा झोडपला आणि 25 मेला तर मॉन्सूनच देवगडपर्यंत आला. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. म्हणजे फळ उशिरा, पाऊस लवकर, आणि विमा 15 मेलाच घरी. ज्याने हप्ता भरला त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं की नुकसान झालं?

आंब्याची निदान बातमी तरी होते. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, कोण करतं? 'सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम' या नावाने भौगोलिक मानांकन आहे, पण हवामान आधारित विम्याच्या यादीत कोकम नाही. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये. ते फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या करायच्या, रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून अंगणात वाळत घालायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी पुटांवर पुटं चढली की सोलं, म्हणजे या वाळवलेल्या साली, काळपट, मऊ आणि टिकाऊ होतात. प्रत्येक पुटाला दिवसभराचं खणखणीत ऊन लागतं. 2025 च्या त्या मेमध्ये आमच्या वाडीत बायकांनी अंगणातली सोलं पडवीत आणली, पडवीतून माळ्यावर नेली, चुलीच्या उबेला ठेवली. तरी बुरा आलाच. शेजारची काकी सूप पुढे करून म्हणाली, "सोलां सुकतली कशी गे? ऊन खंय आसा?" वरची सोलं ठीक होती, खालच्यांवर पांढरी लव. सगळी उकिरड्यावर गेली. जूनमधली पोरांची दप्तरं, छत्र्या, वह्या या पैशातून येतात, आणि हा पैसा बाईच्या स्वतःच्या हातातला असतो. त्याचा पंचनामा कुठल्याच कागदात बसत नाही.

भाताचंही तेच, फक्त दुसऱ्या टोकाला. मेमध्येच जमीन चिकट झाली की धूळवाफ्यात, म्हणजे कोरड्या मातीत, पेर करता येत नाही आणि रानाला आधीच तण येतं. पण खरा घात कापणीला होतो. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ किनाऱ्याला न धडकता समुद्रातूनच निघून गेलं, तरी त्याच्या पावसाने कापून ठेवलेलं भात पाण्यात लोळलं. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या लोंब्यांना शेतातच कोंब आले. पेंढा कुजला म्हणजे गुरांची वैरणही गेली. मदत मिळायची तर नुकसान 33 टक्क्यांच्या वर दाखवावं लागतं. ते दाखवलं तरी सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही देवाघरी. संमतीपत्रं गोळा करेपर्यंत पुढची लावणी येते.

"हे असं पूर्वीही व्हायचं," असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगते, समुद्र बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलं की अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. समुद्राचं पाणी तापलं आहे आणि वादळाला बळ तिथूनच मिळतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मेमध्ये तौक्ते. श्रीवर्धनी रोठा सुपारी देणारी पोफळ पुन्हा उभी करायची तर पाच-सात वर्षं थांबावं लागतं, आणि लहान रोपाला सावली लागते. सावली देणारे माडच पडलेले. हेक्टरच्या हिशेबाने मदत जाहीर झाली तेव्हा गुंठ्यातल्या वाडीवाल्याच्या हाती काय येणार होतं?

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काम केलेलं नाही असं कोणी म्हणू नये. साक्याचा त्रास नसलेला रत्ना आंबा त्यांनीच दिला, खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या पनवेलच्या भातजाती त्यांच्याच. पण वाण बदलायला एक पिढी जाते. विम्याची तारीख बदलायला एक शासन निर्णय पुरतो.

म्हणून येत्या ग्रामसभेत आपल्या गावाचा ठराव झाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आंब्याचं विमा संरक्षण 31 मेपर्यंत वाढवा. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक आणि तापमानाची नोंद ठेवा, आणि भरपाईला तीच नोंद धरा. कोकम विम्यात घ्या. नारळ-सुपारीची मदत झाडावर मोजा. सामाईक सातबाऱ्यावर जो प्रत्यक्ष कसतो त्याला पैसे द्या. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी इनबॉक्समध्ये गावाचं नाव टाका, पाठवते. ऑक्टोबरच्या आत गेला तरच पुढच्या हंगामाला उपयोग.