गाडी वाहनतळावर ठेवा, मग ओर्तिजा बघा

इटलीतल्या सिसिली बेटावरून परत आल्यापासून बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "तिकडे स्वतः गाडी चालवलीस म्हणे. घ्यावी का गाडी?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

तिथल्या सिराकुसा शहराला जाणार असाल तर गाडी जरूर घ्या. ती लागते आजूबाजूच्या किनाऱ्यांसाठी. जुन्या शहरात मात्र तिचं काही काम नाही, आणि याबाबत माझं मत अगदी ठाम आहे.

कातानियाच्या विमानतळापासून सिराकुसा साधारण ६० किलोमीटर. मागे एटना ज्वालामुखी दिसत राहतो आणि वाटेत ऑगस्टा-प्रिओलोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी लागतात. ती पाहून आई हिरमुसली. "अगं, याच्यासाठी आलो का आपण एवढ्या लांब?" इ.स.पू. ७३४ च्या सुमारास कोरिंथच्या ग्रीकांनी वसवलेलं हे शहर, आर्किमिडीजचं गाव, हे मी तिला विमानात रंगवून सांगितलं होतं. मी म्हटलं, थांब जरा.

ओर्तिजा म्हणजे या शहराचा सर्वांत जुना भाग. जेमतेम किलोमीटरभर लांबीचं बेट, छोट्या पुलांनी जोडलेलं. आम्ही गाडी तालेते नावाच्या वाहनतळावर ठेवली आणि पुढचे दोन दिवस तिला हात लावला नाही.

आई अडुसष्ट वर्षांची, गुडघे दुखतात. त्यामुळे चालण्याची धास्ती मलाच होती. पण चालत गेलो म्हणूनच कॅथेड्रलच्या बाजूची गल्ली सापडली. चौकातून पाहिलं तर पुढचा दर्शनी भाग बरोक, म्हणजे भरपूर नक्षीकामाच्या शैलीतला, १६९३ च्या भूकंपानंतर नव्याने उभारलेला. बाजूच्या गल्लीत वळलात की भिंतीतून जाडजूड डोरिक (जुन्या ग्रीक शैलीतले) खांब बाहेर आलेले दिसतात. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेना देवीच्या मंदिराचे खांब ते. दोन खांबांमधली जागा दगडांनी भरून घेतली आणि देवळाचं चर्च झालं. मधल्या अरब राजवटीत तिथे मशीदही होती. जवळजवळ अडीच हजार वर्षं त्याच जागी, त्याच खांबांच्या आधाराने माणसं प्रार्थना करताहेत. आई खांबाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "देव बदलले, पण देऊळ कुणी मोडलं नाही." त्या अरुंद गल्लीत मागून हॉर्न वाजत असता तर ती अशी उभी राहू शकली असती का?

आता नियमांचं. इटलीत जुन्या शहरांभोवती झेडटीएल असतं, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असलेला भाग. पाटीवर 'वार्को आत्तिवो' असं उजळलेलं दिसलं की आपल्याला वाटतं रस्ता चालू आहे. अर्थ नेमका उलटा: बंदी चालू आहे, कॅमेरा नंबर टिपतोय. 'नॉन आत्तिवो' असेल तरच आत जायचं. मागच्या खेपेला दुसऱ्या एका शहरात आम्ही इथेच चुकलो. काही महिन्यांनी घरी दंडाची नोटीस आली, शिवाय गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने माहिती कळवण्याचे वेगळे पैसे कापले. राग आला होता, पण नियम मला आजही पटतो. त्या गल्ल्यांत लोक राहतात, कपडे वाळत घालतात, मुलं खेळतात.

आणखी थोडं: आपल्या परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो वर्षभर चालतो. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असल्याने ऑटोमॅटिक गाडी घ्या, एक व्यवधान कमी होतं. पार्किंगची पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळीवर उभी करू नका. 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल.

तिसऱ्या दिवशी गाडी काढली. आरेनेल्ला आणि फोंताने बियांके हे वाळूचे किनारे शहराच्या दक्षिणेला, जवळच. पाणी छान, पण छत्र्या-खुर्च्यांच्या रांगाच रांगा. माझं मन वेंदिकारीत अडकलं. नोतो गावाच्या पुढचं हे राखीव क्षेत्र. खारट पाण्याची तळी, त्यांत रोहित पक्षी, आणि किनाऱ्यावर ट्यूना मासळीच्या जुन्या कारखान्याचे छप्पर नसलेले खांब. गाडी फाटकाबाहेर. कालामोस्केच्या छोट्या पुळणीपर्यंत किलोमीटरहून जास्त पायवाट, सावली जवळपास नाहीच. आईला घेऊन आम्ही सकाळी लवकर निघालो, तीनदा बसलो, दोन बाटल्या पाणी संपलं. पोहोचलो तेव्हा दोन कड्यांच्या मधलं ते हिरवंनिळं पाणी इतकं नितळ होतं की आईला गुडघाभर पाण्यात स्वतःची बोटं दिसत होती. ना टपरी, ना गाणी, ना इंजिनाचा आवाज.

तिथे बसून मला कोकण आठवलं आणि वाईट वाटलं. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर भरतीत रुतलेल्या गाडीचा व्हिडिओ येतो आणि आपण तो पुढे पाठवतो. गाडीचं नुकसान भरून निघेल हो. पण त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि चाकोरीत पडलेल्या इवल्या पिल्लाला बाहेर चढता येत नाही. सिसिलीच्या किनाऱ्यांवरही समुद्री कासवं अंडी घालायला येतात. त्यांनी फाटक लावलंय. आपल्याकडे पुळणीवर गाडी नेणाऱ्याला कुणी हटकलं तर भांडण होतं. मला हे सहन होत नाही. गाडी माझीही आहे, लांबचा प्रवास मलाही आवडतो, पण वाळू सुरू झाली की चाक थांबलंच पाहिजे.

मार्चमध्ये आईला वेळासला न्यायचं ठरवलंय, कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा. गाडी गावातच ठेवू, पुढे सावकाश चालत जाऊ. ती म्हणते, "कालामोस्केपेक्षा जवळ आहे ना, मग झालं तर."