स्प्लिट केल्यावर डास का गुणगुणतो

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजजवळच्या जागेसाठी ८ किलोओहमच्या आसपासचा, जुन्या धाटणीचा हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), सुचवला होता. ही प्रतिक्रिया लिहिणाऱ्या वाचकांनी तो घेतला आणि स्वतः सोल्डरही केला. गिटारला दोन हमबकर, मधे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप), पिकअप निवडायला फाइव्ह-वे स्विच आणि टोनच्या पॉटवर (फिरवायच्या बटणावर) कॉइल स्प्लिटचं पुश-पुल, म्हणजे ओढलं की हमबकरची एकच कॉइल चालू ठेवणारा स्विच. पूर्ण हमबकर झकास वाजतो, पण ‘पुश-पुल ओढलं की गिटार संपते आणि डास सुरू होतो, वर मधल्या पिकअपबरोबर हमही (विजेची घरघर) येतो’. त्यांचा निष्कर्ष असा की १६ किलोओहमचा घ्यायला हवा होता. आणि शेवटी टोमणा: क्वीन बँडच्या ब्रायन मेच्या गिटारला स्विचच स्विच, पण पिकअप दुकानातले तयार, मग एवढा बाऊ कशाला?

डासाची चूक माझी. तो पिकअप मी पूर्ण हमबकर म्हणून ऐकला आणि सुचवला. तुमच्या गिटारवर तो तीन-चार वेगवेगळ्या रूपांत वाजणार, हे लक्षातच घेतलं नाही. ८ किलोओहमचा हमबकर म्हणजे साधारण ४-४ किलोओहमच्या दोन कॉइल. स्प्लिट केला की एकच उरते. साधा स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा) सिंगल कॉइलसुद्धा ६ किलोओहमच्या आसपास असतो. म्हणजे मधल्या पिकअपशेजारी तुमचा ब्रिज अर्धपोटी उभा. पुश-पुलवाल्या गिटारसाठी पिकअप निवडताना तो पूर्ण जोरात कसा वाजतो यापेक्षा सगळ्यात अशक्त जागी कसा वाजतो हे आधी बघावं. हे वाक्य मूळ लेखात असायला हवं होतं. नव्हतं.

पण १६ किलोओहमचं गणित मात्र सरळ नाही. मल्टिमीटर फक्त तारेचा रोध दाखवतो. ४२ गेजऐवजी ४३ गेजची बारीक तार वापरली की तेवढ्याच वेढ्यांना रोध वाढतो, पण पिकअप काही त्या प्रमाणात ताकदवान होत नाही. चुंबक कोणता, वेढे किती, यावर खरा खेळ असतो. हो, १६चा पिकअप स्प्लिट केला की ८ उरेल आणि डास जाईल, हे तुमचं बरोबर. पण मग स्विच मधल्या पिकअपवर आणलात की आवाज एकदम बसेल, आणि क्लीन, म्हणजे आवाज न फाडता, वाजवताना ब्रिज तुम्हाला चिडचिडा वाटेल. तुम्हीच लिहिलंय की ऐंशी टक्के वेळ क्लीन वाजवता. मी तुमच्या जागी असतो तर नवा पिकअप घेतला नसता.

त्याऐवजी एक रेझिस्टर घ्या, २.२ किलोओहमचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात काही रुपयांत मिळतो. आत्ता पुश-पुल ओढलं की दोन कॉइलची जोड थेट अर्थला जाते आणि दुसरी कॉइल पूर्ण गप्प होते. तिथे हा रेझिस्टर मधे घातला की दुसरी कॉइल थोडी बोलत राहते. अंगात जरा मांस येतं आणि हमही थोडा कमी होतो. अस्सल सिंगल कॉइलची धार थोडी बोथट होते, पण डासापेक्षा बरं. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही कॉइल एकामागोमाग (सिरीजमध्ये) न जोडता शेजारी-शेजारी (पॅरलल) जोडायच्या. हम जवळपास नाहीसा होतो, पण आवाज स्प्लिटपेक्षा फारसा वाढत नाही. तुमची मूळ तक्रारच ती आहे, त्यामुळे तो सोडून द्या.

आता हम. पुश-पुल ओढून ब्रिज आणि मधला एकत्र वाजवला तर हम खरं म्हणजे मरायला हवा. त्यासाठी हमबकरची चालू राहिलेली कॉइल आणि मधला पिकअप यांचं चुंबक उलट आणि वेढेही उलट असावे लागतात. तुम्ही कंपनी बदललीत तेव्हा बहुधा नको ती कॉइल चालू राहिली. स्वस्तातलं होकायंत्र हमबकरच्या चालू कॉइलवर आणि मग मधल्या पिकअपवर धरून बघा. सुईचं तेच टोक दोन्हीकडे ओढलं गेलं, तर निदान झालं. (फोनमधलं होकायंत्र नको.) कोणती कॉइल चालू आहे ते कळायला स्क्रू-ड्रायव्हरने पिकअपवरच्या धातूच्या खांबांवर हलकं टकटक करा, अ‍ॅम्पमधून मोठा आवाज येईल ती जिवंत.

तुमचा पिकअप सेमूर डंकनचा आहे म्हणालात. त्यात नेहमी काळी तार हॉट (सिग्नलची), पांढरी आणि लाल एकत्र, हिरवी अर्थला. दुसरी कॉइल चालू ठेवायची तर लाल हॉट करा, हिरवी आणि काळी एकत्र जोडा, पांढरी अर्थला. पूर्ण हमबकरचा आवाज आणि फेज (सिग्नलची उलट-सुलट दिशा) तसाच राहतो. हिरवी तार उघड्या तारेबरोबर सोल्डर केली असेल तर आधी वेगळी करा; उघडी तार अर्थलाच राहू द्या. आणि डिमार्झिओचे रंग इथे चालवू नका. त्यांच्यात लाल हॉट असते, काळी-पांढरी एकत्र. मी एकदा नेकला (गिटारच्या मानेजवळ) एका कंपनीचा, ब्रिजला दुसरीचा घेतला आणि रंग एकाच तक्त्यातून वाचले. दोन्ही एकत्र लावले की आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. दोन रविवार गेले.

आणखी एक. हम नेमका कुठून येतो तेही बघा. माझ्या घरी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनवर असला की सिंगल कॉइल भणभणते, पाचवर ठेवला की शांत. त्यात पिकअपचा दोष नाही.

राहिला ब्रायन मे. उदाहरण उत्तम, पण ते तुमच्या विरुद्ध जातं. १९६३ साली वडिलांबरोबर ती गिटार घडवायला घेतली तेव्हा त्यांनी पिकअपही घरीच बनवले होते, साधी बटणासारखी चुंबकं वापरून. तार बाजूला ओढली, म्हणजे बेंड केली, की ते विचित्र आवाज काढायचे. म्हणून बर्न्स कंपनीचे तयार ट्राय-सोनिक पिकअप घेतले, आणि तेही अ‍ॅराल्डाइट ओतून घट्ट केले, शिट्टी वाजू नये म्हणून. शिवाय तिथे तिन्ही पिकअप सिरीजमध्ये आहेत. प्रत्येकाला एक चालू-बंदचा आणि एक फेजचा स्विच, असे सहा. एक पिकअप वाढवला की आवाज वाढतो. तुमच्या गिटारवर फाइव्ह-वे दोन पिकअप पॅरलल जोडतो, त्यामुळे तसं होत नाही. तेच पिकअप तुमच्या वायरिंगवर तसे वाजणार नाहीत.

५०० किलोओहमच्या पॉटवर मधला पिकअप तिखट वाटत असेल तर त्याच्या हॉट आणि अर्थमध्ये ४७० किलोओहमचा रेझिस्टर टाका. स्विचवर, फक्त मधल्या पिकअपच्या पायावर. व्हॉल्यूमवर टाकलात तर हमबकरही मवाळ होतील.

मूळ लेखात आज दुरुस्ती टाकतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. होकायंत्र काय म्हणतं ते मात्र कळवा. सुई उलट निघाली, तर माझं हमचं निदान चुकलं, आणि मग पिकगार्डखालचा फोटो लागेल.