नाव घ्या, मग उतरा

आपल्याकडे नव्या नवरीला उंबरठ्यावर अडवतात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. वेल्समध्ये हाच छळ रेल्वेत चालतो. पश्चिम किनाऱ्याने पुल्हेलीला जाणाऱ्या गाडीचे कित्येक थांबे म्हणजे विनंती थांबे. गार्डला गावाचं नाव सांगा, तरच गाडी थांबणार.

मला उतरायचं होतं ल्लानडेक्विनला. मी सरळ "लानडेक्विन" म्हणालो. गार्डने अदबीने कान पुढे केला. समोरच्या आजींना राहवेना. म्हणाल्या, जीभ 'ल'च्या जागी टेकव, तिथेच ठेव, आणि आवाज न काढता दोन्ही कडांनी हवा सोड. मी सोडली. हवेबरोबर आणखीही काही गेलं असावं, कारण आजींनी शांतपणे चष्मा पुसला. लोणावळ्याचं 'लोनावला' करणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलोय. ते सगळे त्या डब्यात हवे होते. शेवटी माझ्या वतीने आजींनीच नाव घेतलं.

'ल्लान' म्हणजे चर्च आणि त्याभोवतीचं आवार. पुढे बहुधा एखाद्या संताचं नाव. त्यामुळे नकाशावर बोट ठेवाल तिथे ल्लान. तिथल्या एका गावाच्या सुप्रसिद्ध ५८ अक्षरी नावाची सुरुवातही त्यानेच होते, पण त्याला भिण्याचं कारण नाही. प्रवासी खेचायला १८६०च्या दशकात ते मुद्दाम ताणलंय. गावकरी 'ल्लानवाइरपुल्ल' म्हणून मोकळे होतात.

खरी भीती वेगळीच. ल्लानडेक्विनचा संत मुळात टेकविन! ल्लानच्या मागे उभा राहिला की त्याचा डेकविन होतो. आपणही पुणे-पुण्याला करतो म्हणा, पण आपण शेपूट बदलतो. हे लोक मुंडकंच बदलतात. वेल्सची राजधानी कार्डिफ म्हणजे वेल्श भाषेत कायरडीद. जायचं 'गायरडीद'ला. 'आणि कार्डिफ' म्हणताना 'खायरडीद'. शब्दकोशात शोधायचं तरी कुठल्या अक्षराखाली?

आणि 'कार्डिफमध्ये'? 'अङ ङ्हायरडीद'. चक्क ङ, तोही शब्दाच्या तोंडाशी! पहिलीच्या वर्गातल्या तक्त्यावर कमळ, खटारा, गणपती, घर असायचं आणि ङची चौकट रिकामी. बाई म्हणायच्या, यावरून शब्द नसतो. असतो, बाई. कार्डिफमध्ये राहणाऱ्या कोणाचाही फोटो चालला असता.