एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर: वाघोलीत ड्रोन का उडवला नाही

नमस्कार साहेब,

तुमच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग आम्ही केलं. तुमची तक्रार अशी की पॅकेजमध्ये ड्रोन होता, तो उडवलाच नाही, कारण विचारलं तर "परवानगी नाही" एवढंच सांगितलं, आणि शेजारच्या लॉनवर मात्र दुसऱ्या पार्टीचा ड्रोन बिनधास्त फिरत होता. हा रिव्ह्यू इतर लोकही वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बुकिंग झालं तेव्हा लग्न सातारा रस्त्यावर, नसरापूरजवळच्या लॉनवर होतं. पुढे तुम्ही जागा बदलून वाघोली केली. हॉल बदलला की आमच्यासाठी आकाशही बदलतं. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि वाघोली त्याच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत येते. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडवता येतं. 8 च्या आत तसं नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर वाघोली शोधा, रंग दिसेल: लाल आणि पिवळ्या भागात आधी परवानगी लागते, हिरव्यात नाही. जागा बदलल्याचं कळलं त्याच दिवशी हा नकाशा तुमच्या मामांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि ड्रोनची रक्कम अंतिम बिलातून वजा केली होती. बिलात ती ओळ वेगळी आहे, कृपया एकदा बघा.

तुमच्या भाच्याचं म्हणणं होतं की 250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला काहीच लागत नाही. अर्धं बरोबर आहे. नॅनो ड्रोन उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पण लाल आणि पिवळं क्षेत्र त्यालाही तितकंच लागू आहे, विमानाला वजन विचारायला वेळ नसतो. आमचा ड्रोन त्याहून जड आहे. व्यवसायासाठी तो उडवायचा तर नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र आणि थर्ड पार्टी विमा, तिन्ही लागतात. नियम मोडला तर दंड 1 लाखापर्यंत जातो, आणि तो बसतो आम्हाला, नवरदेवाला नाही. शेजारच्या लॉनवाल्यांकडे काय कागद होते ते मला माहीत नाही. त्यांच्यामुळे आमचे कागद तयार होत नाहीत.

आता वरातीचं. "निदान डोक्यावरून एक राउंड तरी मारा" हा आग्रह वाघोली सोडून कुठेही झाला असता तरी आमच्या पायलटने नाहीच म्हटलं असतं. वरातीत ब्लास्टरमधून चमकीचे कागद उडत होते, भुईनळे लागले होते, धुराने समोरचा माणूस दिसत नव्हता. असा कागद पंख्यात अडकला की मोटर जाम होते, आणि चार मोटरच्या ड्रोनची एक बंद पडली की तो सरळ खाली येतो. खाली कडेवर पोरं घेऊन बायका नाचत होत्या. मोकळ्या जागी, माणसांपासून अंतर ठेवून आम्ही हवे तेवढे शॉट घेतो. गर्दीच्या डोक्यावर मात्र नाही, कुणी जास्त पैसे देऊ केले तरीही. हे कुणाला नखरे वाटतात, त्याला इलाज नाही.

वरून दिसणारा मंडप हवा होता म्हणून आम्ही हॉलच्या गच्चीवरून आणि लांब दांड्याच्या कॅमेऱ्याने शूट केलं. अक्षता पडतानाचा वरचा शॉट त्यातलाच आहे. तुमच्या आईंना तो आवडल्याचा मेसेज आमच्याकडे आहे, तरी तुमची नाराजी तुमच्या जागी.

एकच विनंती, आणि ती यापुढे बुकिंग करणाऱ्यांनाही: लॉन पक्कं करण्याआधी पत्ता आम्हाला पाठवा. खराडी, विमाननगर, वाघोली असेल तर ड्रोनशिवायचाच दर सांगतो. पुण्यात पोलिसांचेही ड्रोनबंदीचे आदेश मधूनमधून निघतात, तेही तारखेआधी तपासतो.

अल्बमचे फोटो निवडून अजून आले नाहीत. ते आले की छपाईला देतो.