आधी न्यूटन वाच म्हणे!

आज मालवण जेटीवर नववीतल्या एका पोराने विचारलं, "काकानू, भरती रोज उशिरा कित्याक येता?" उत्तर मिळालं, "तुका आता कळाचा नाय. आधी न्यूटन वाच, मगे इचार." पोरगं गप्प! अशानेच विज्ञान सुटतं हो मुलांचं.

समोर अख्खा समुद्र असताना सुरुवात पुस्तकापासून कशाला? बांबूवर दर 10 सेंटिमीटरला रेघ मारा, लाटा लागणार नाहीत अशा आडोशाला रोवा. पूर्ण भरतीची वेळ 15 दिवस लिहा, शेजारी तिथी. इथे सगळे एक चूक करतात: भरतीच्या टोकाला पाणी बराच वेळ थबकतं, मग वेळ अंदाजाने टाकतात. त्यापेक्षा चढताना आणि उतरताना पाणी एकाच रेघेवर कधी आलं ते बघा, दोन्हींची मधली वेळ घ्या.

रोज साधारण 50 मिनिटं उशीर दिसेल. पृथ्वीची स्वतःभोवती फेरी होईतो चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला लागणारा हा वेळ. आता आपल्याकडचा आडाखा ताडून बघा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. चंद्र दर तिथीला सरासरी 48 मिनिटं मागे पडतो, आडाखा 45 धरतो. पंधरवड्यात पाऊण तास चुकला! शिवाय बंदर बदललं, खाडीत आत गेलात, की वेळ आणखी बदलते.

गणित लागतं, मान्य. पण कधी? सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास 180 पट जोराने ओढतो, तरी भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी, हे कोडं पडल्यावर. ओढ किती यापेक्षा पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूच्या ओढीत फरक किती, यावर भरती ठरते. दिवसातून दोनदा का, तेही त्यातच. इथे न्यूटन काढा. बांबू रोवलेल्या पोराला तो जड जाणार नाही. जेटीवरच्या त्या पोराला मात्र तो आज धाक म्हणून दाखवला.

जाऊ दे. बाळा, कुणी तुला हे वाचून दाखवलं तर अमावास्येला सुरू कर, भरती दुपारच्या सुमारास सापडेल. अष्टमीला ती संध्याकाळवर जाईल, तेव्हापासून सकाळची धर. दोन भरत्यांत 12 तास 25 मिनिटं असतात, तेवढं वहीत नोंद, नाहीतर तक्ता फसेल. आणि शेवाळावरून जपून, घरी सांगून जा.