ठरवून झाल्यावर सिस्टरना बोलावू नका

हॉस्पिटलात काय खरेदी करायचं, कोणते नियम लावायचे हे ठरवणारी मीटिंग कायम दुपारी 3 ला. मॉर्निंगची ड्युटी 2 ला संपलेली, ईव्हिनिंगची सिस्टर नुकतीच ओव्हर (आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) घेऊन औषधांना लागलेली, नाइटवाली घरी झोपलेली. यायचं कोणी? इन्चार्ज सिस्टर एकटी जाते. तिच्यापुढे टाइप केलेला कागद सरकतो, "सिस्टर, इथे सही." मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी नोंदीत) छापतात, 'नर्सिंग विभागाशी चर्चा करून सर्वानुमते'. कसली चर्चा? ऑर्डर आधीच गेलेली असते!

कॅन्युलाचंच घ्या, म्हणजे सलाईन-औषधासाठी शिरेत घालायची बारीक नळी. स्वस्त पडतो म्हणून नवा माल आला. 22 नंबर, निळा. कातडीतून आत जाताना प्लास्टिकचं टोक दुमडतं आणि शिरेत सरकत नाही. दुसऱ्यांदा टोचा, तिसऱ्यांदा टोचा. एका नगावर वाचवलेले पैसे तीन नग फोडण्यात गेले, आणि नातेवाइकांच्या शिव्या खायला स्टोअरवाले येत नाहीत. त्यावर पारदर्शक ड्रेसिंग बंद करून साधी चिकटपट्टी दिली. घामाने ती सुटते, आणि चिकटलेली असेपर्यंत खालची टोचलेली जागा दिसत नाही. लाली, सूज कळेपर्यंत शीर कडक झालेली असते. हे वॉर्डातली कुठलीही सिस्टर अर्ध्या मिनिटात सांगेल. विचारलं असतं तर!

पोटॅशियम क्लोराइड हे सलाईनमधून द्यायचं औषध दोन सिस्टरनी तपासायचं, दोघींनी सही करायची. नियम शंभर टक्के बरोबर आहे. 10 मिलीच्या अँप्युलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं, पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. पण नाइटला 30 पेशंटवर सिस्टर एक! दुसरी कुठून आणायची? शेजारच्या वॉर्डातून आली तर तिचे पेशंट वाऱ्यावर. नाहीतर सकाळी सही 'भरून' घेतात, म्हणजे तपासणी फक्त कागदावर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या जनरल वॉर्डला 3 पेशंटमागे 1 नर्स असा आहे, पण तो विषय अजेंड्यावर घेतला की "बजेट बघू".

आणि फॉर्म! पेशंट पडण्याचा धोका, बेडसोरचा (पडून राहून होणाऱ्या जखमांचा) धोका, प्रत्येकाचा वेगळा कागद. एका पेशंटमागे 6 मिनिटं धरा, 30 पेशंटचे 3 तास झाले. मग दर 2 तासांनी पेशंटची कूस कधी बदलायची? बेडसोर कागद भरून टळत नाही, कूस बदलून टळतो.

खरंच सहभाग हवा असेल तर अजेंडा आठवडाभर आधी वॉर्डात लावा. मीटिंगचा वेळ ड्युटीत धरा आणि तेवढा वेळ बदली सिस्टर द्या. नेहमी इन्चार्जच नको, रोज टोचणाऱ्या स्टाफ नर्सला बसवा. खरेदीआधी दोन-तीन कंपन्यांचे नमुने मेडिसिन, सर्जरी आणि मुलांच्या वॉर्डात आठवडाभर वापरू द्या. कॅन्युला किती टोचण्यांत लागला, किती तास टिकला, हे आम्ही लिहून देतो. आणि आम्ही 'नको' म्हटलं तर ते कारणासकट मिनिट्समध्ये आलं पाहिजे. तोवर त्या 'सर्वानुमते'खाली आमची सही मागू नका.